जुनं ग्राफिक्स कार्ड भंगारात टाकायचं की पुन्हा वापरायचं? कार्डाची चाचणी कशी होते आणि नाशिकमध्ये ते द्यायचं कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नियमित सेवा थांबवली. त्यानंतर अनेक कार्यालयं, महाविद्यालयं आणि कारखान्यांमध्ये जुने संगणक बदलण्याचं काम सुरू झालं. असा संगणक बाहेर निघतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा हिशेब 'नग' म्हणून होतो. कॅबिनेटच्या आत काय आहे, हे कुणी उघडून पाहत नाही.

आत असतात ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, साउंड कार्ड, सर्व्हरमधली रेड कार्डं, यंत्रांना जोडणारी सीरियल पोर्टची कार्डं. यातली काही मेलेली असतात, काही धडधाकट. वजनकाट्यावर मात्र दोन्ही सारखीच. चालणारं कार्ड किलोच्या भावाने विकलं गेलं तर नुकसान विकणाऱ्याचं होतं. बंद कार्ड 'चालू आहे' म्हणून विकलं गेलं तर फसतो तो घेणारा. आणि कामातून गेलेलं कार्ड चुकीच्या हातात पडलं तर त्याचा धूर आणि आम्ल शेवटी सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

या तिन्ही गोष्टी टाळायच्या असतील तर कार्ड तपासणं हाच मार्ग आहे. ही चाचणी नेमकी कशी होते, तिचा निकाल कसा वाचायचा आणि नाशिकमध्ये पुढे काय करायचं, ते समजून घेऊया.

एक्स्पान्शन कार्ड म्हणजे काय?

मदरबोर्डवर लांबट खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. संगणकात मुळात नसलेली किंवा कमी पडणारी सोय मिळवण्यासाठी या स्लॉटमध्ये जे सर्किट बोर्ड बसवले जातात, ती एक्स्पान्शन कार्डं.

कार्ड कोणत्या पिढीचं आहे, हे स्लॉटवरून कळतं. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून आलेला स्लॉट पुढे आयएसए नावाने ओळखला गेला. १९९२ मध्ये पीसीआय आला, १९९७ च्या सुमारास खास ग्राफिक्ससाठी एजीपी आला आणि २००३ पासून पीसीआय एक्सप्रेसचा काळ सुरू झाला. आजचे संगणक हाच शेवटचा प्रकार वापरतात. म्हणून जुनं कार्ड हातात आलं की पहिला प्रश्न 'चालतं का?' हा नसतो. 'बसणार कशात?' हा असतो. आयएसए किंवा एजीपी कार्ड तपासायचं तर त्या काळातला चालू मदरबोर्डच लागतो.

चाचणी इतकी महत्त्वाची का?

'ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२' हे १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत. या नियमांनुसार टाकून दिलेलं विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण, पूर्ण असो वा त्याचा भाग, ई-कचरा ठरतं. दुरुस्तीच्या कामातून बाद झालेला मालही त्यातच येतो. नियम फक्त संपूर्ण संगणकाला नाही, तर त्याच्या सुट्या भागांनाही लागू आहेत. त्यामुळे कॅबिनेटमधून काढलेलं कार्डही यातून सुटत नाही.

म्हणजेच कार्ड 'वस्तू' आहे की 'कचरा', हे त्याच्या वयावर ठरत नाही. ते अजून काम करतं का आणि कुणाच्या कामाचं आहे का, यावर ठरतं. युरोपीय संघात तर वापरलेली उपकरणं परदेशी पाठवताना प्रत्येक उपकरण चालतं का हे तपासल्याची नोंद सोबत द्यावी लागते. नोंद नसेल तर तो माल कचरा समजला जातो. जुन्या वस्तूंच्या नावाखाली गरीब देशांत कचरा पाठवण्याची पळवाट बंद करण्यासाठी ही अट आली.

आकडेही बोलके आहेत. 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर २०२४' या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के योग्य रीतीने गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे.

नाशिकमध्ये जुन्या कार्डाला गिऱ्हाईक कोण?

गेम खेळणारी आणि व्हिडिओ एडिटिंग करणारी मुलं हा एक वर्ग झाला. नाशिकमध्ये दुसरा वर्ग आहे कारखान्यांचा, आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग, विद्युत उपकरणं आणि यंत्रभाग बनवणारे शेकडो उद्योग आहेत. अशा उद्योगांमध्ये यंत्राचं आयुष्य संगणकापेक्षा कितीतरी मोठं असतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं सीएनसी यंत्र किंवा मोजमापाचं उपकरण आजही नीट चालतं, पण ते ज्या संगणकाला जोडलेलं असतं त्यात आयएसए किंवा पीसीआय स्लॉटचं खास कार्ड असतं. ते कार्ड गेलं तर नवं मिळत नाही. लाखो रुपयांचं यंत्र हातभर लांबीसुद्धा नसलेल्या एका कार्डावाचून उभं राहतं.

म्हणून घरगुती बाजारात ज्याला कुणी विचारत नाही, असं सीरियल पोर्टचं किंवा मोजमाप नोंदवणारं जुनं कार्ड देखभाल विभागातल्या माणसासाठी मोलाचं असतं. 'जुनं आहे, टाका' असं ठरवण्याआधी त्यावरचा मॉडेल क्रमांक वाचायला हवा, तो यासाठी.

तपासायला काय लागतं?

- एक चालू मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि भरवशाचा एसएमपीएस. शक्यतो प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असलेला, म्हणजे तपासायच्या कार्डाने चित्र दिलं नाही तरी स्क्रीन दिसत राहते.
- त्याच प्रकारचं एक चालू कार्ड. आधी ते लावून पाहायचं. ते चालत नसेल तर दोष कार्डात नाही, तपासणीच्या संगणकात आहे.
- मल्टिमीटर, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्ट.
- लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह. संगणकात काहीही न बसवता तो थेट पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो.
- अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटी पट्टा.

शेवटची गोष्ट अनेक जण अनावश्यक समजतात. माणसाला स्थिर विजेचा चटका साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे जाणवतो. नाजूक चिप मात्र त्याच्या कितीतरी कमी व्होल्टला, काही वेळा शंभर व्होल्टच्या आतही, खराब होऊ शकते. म्हणजे काहीच जाणवलेलं नसताना कार्ड मेलेलं असू शकतं. नाशिकच्या कोरड्या थंडीत आणि मार्च-एप्रिलमध्ये ही शक्यता वाढते, कारण हवेत ओल कमी असली की स्थिर वीज साठून राहते. पट्टा नसेल तर कार्ड हाताळण्याआधी जमिनीला जोडलेल्या धातूला हात लावावा आणि कार्ड नेहमी कडेने धरावं.

पायरी १ : आधी डोळे, मग नाक

विजेला जोडण्याआधी कार्ड चांगल्या उजेडात पाहायचं. भिंगातून पाहिलं तर आणखी बरं.

- कपॅसिटरचं डोकं फुगलंय का, त्यातून काही पाझरलंय का? साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या कार्डांत आणि मदरबोर्डांत निकृष्ट कपॅसिटरची मोठी साथच आली होती. तो भाग बदलता येतो, त्यामुळे फुगलेला कपॅसिटर म्हणजे कार्डाचा शेवट नव्हे.
- बोर्डावर काळा डाग किंवा जळकट वास आहे का? असेल तर ते कार्ड तसंच संगणकात लावू नये. शॉर्ट झालेलं कार्ड चांगल्या मदरबोर्डलाही घेऊन बुडू शकतं.
- मोहरीएवढे सुटे भाग उडालेत का? भंगाराच्या पोत्यात कार्ड एकमेकांवर आपटून हे सर्रास होतं.
- स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी कड घासलेली, काळवंडलेली किंवा तुटलेली आहे का?
- स्क्रूवरचं सील तुटलंय का? तुटलं असेल तर कार्ड आधी कुणीतरी उघडलेलं आहे.

मग साफसफाई. पंख्यावर हवेचा झोत मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं. ते भरधाव फिरलं तर पंखा खराब होऊ शकतो. सोनेरी कड अल्कोहोलने पुसायची. अर्ध्याहून जास्त 'बंद' कार्डं फक्त यानेच सुरू होतात, असं सांगणारे दुकानदार भेटतात. तो आकडा सोडून द्या, पण ही पायरी सोडू नका.

पायरी २ : मल्टिमीटर काय सांगतो?

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला मुख्यतः १२ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशा दोन वाटांनी वीज मिळते. मोठ्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भुकेल्या ग्राफिक्स कार्डांना एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट.

कार्ड बाहेर असतानाच १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजायचा. तो जवळजवळ शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. ते कार्ड संगणकात लावायचं नाही, दुरुस्तीच्या ढिगात ठेवायचं.

इथे एक सामान्य गैरसमज आहे. मोठ्या ग्राफिक्स चिपला थेट वीज पुरवणाऱ्या वाटेवर एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी रोध दिसू शकतो. तो त्या चिपचा स्वभाव आहे, बिघाड नाही. हे माहीत नसल्याने चांगली कार्डं 'शॉर्ट' म्हणून फेकली जातात.

पायरी ३ : संगणक कार्डाला ओळखतो का?

संगणक पूर्ण बंद करून, वायर काढून कार्ड बसवायचं आणि मग सुरू करायचं. प्रत्येक कार्डात बनवणाऱ्या कंपनीचा आणि मॉडेलचा एक क्रमांक नोंदलेला असतो. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की तो दिसतो. इंटेलचा क्रमांक मजेशीर आहे : ८०८६. कंपनीच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचं हेच नाव होतं.

आता तीन शक्यता उरतात.

यादीत कार्डच नाही : कड पुन्हा पुसून, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहायचं. तरीही नाही तर बिघाड गंभीर आहे.

यादीत आहे, पण काम करत नाही : विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' दिसला तर कार्डानेच आपल्यात दोष असल्याचं कळवलं आहे. तो हार्डवेअरचा असू शकतो किंवा चुकीच्या ड्रायव्हरचाही. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकल्याशिवाय निकाल देऊ नये.

यादीत आहे आणि चित्र, आवाज किंवा नेट मिळतंय : बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'ओके' लिहितात. चाचणी मात्र अर्धीच झालेली असते.

पायरी ४ : ताण दिल्यावर टिकतं का?

नुसती स्क्रीन दिसायला ग्राफिक्स कार्डाला फारसं काम पडत नाही. बिघाड उघडा पडतो तो कार्ड तापल्यावर.

ग्राफिक्स कार्डासाठी फरमार्क, हेवन किंवा ओसीसीटी यांसारखे प्रोग्रॅम पंधरा-वीस मिनिटं चालवतात. या वेळात चार गोष्टी पाहायच्या. तापमान ८० ते ८५ अंशांच्या आसपास स्थिरावतं की चढतच जातं? पंखा आवाज करतो का? संगणक मध्येच बंद पडतो का? स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा येतात का? ठिपके आणि चौकोन आले तर बहुधा कार्डाची मेमरी किंवा तिचे सोल्डर जोड गेलेले असतात. नुसतं तापमान जास्त असेल तर आधी थर्मल पेस्ट बदलून पाहावी. वाळलेली पेस्ट हा स्वस्तात सुटणारा दोष आहे.

निकालावर खोलीचं तापमानही लिहावं. जानेवारीत तपासलेलं कार्ड आणि पारा चाळिशीकडे गेलेल्या एप्रिलमध्ये तपासलेलं कार्ड यांची तुलना त्याशिवाय होत नाही.

बाकी कार्डांच्या चाचण्या सोप्या आहेत, फक्त वेगळ्या.

- नेटवर्क कार्ड : दोन संगणक थेट वायरने जोडून 'आयपर्फ' या प्रोग्रॅमने वेग मोजतात. एक गिगाबिटच्या कार्डाने सेकंदाला ९४० मेगाबिटच्या जवळपास वेग दिला की ते ठणठणीत. शंभरावर अडकलं तर आधी वायर बदलून पाहायची.
- साउंड कार्ड : आवाज बाहेर जाणारा पोर्ट छोट्या वायरने आत येणाऱ्या पोर्टला जोडायचा, एक सूर वाजवायचा आणि तोच रेकॉर्ड करून ऐकायचा. खरखर लगेच कळते.
- सीरियल पोर्ट कार्ड : नऊ पिनांच्या जोडणीतली २ आणि ३ क्रमांकाची पिन एकमेकींना जोडली की पाठवलेलं अक्षर परत आपल्याकडेच येतं. आलं तर पोर्ट चालू आहे. कारखान्यासाठी कार्ड ठेवायचं असेल तर ही दोन मिनिटांची चाचणी चुकवू नये.
- रेड कार्ड : यावर अनेकदा छोटी लिथियम बॅटरी असते. ती फुगलेली दिसली तर कार्डाला वीज न देता बॅटरी अलगद काढून वेगळी ठेवायची. तिला ई-कचऱ्याचे नाही, तर बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे वेगळे नियम लागू होतात.

नकली आणि 'मायनिंग'ची कार्डं कशी ओळखायची?

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणणं' एका दिवसात थांबलं. जगभरात त्या कामाला लावलेली कार्डं वापरलेल्या मालाच्या बाजारात आली.

असं कार्ड वाईटच असतं असं नाही. ते महिनोन्‌महिने अखंड चाललेलं असतं, त्यामुळे पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात. चिप मात्र शाबूत असू शकते. धोका वेगळा आहे. काही कार्डांचा मूळ बायॉस बदललेला असतो. तो पुन्हा मूळ स्वरूपात आणल्याशिवाय गेम किंवा एडिटिंगमध्ये कार्ड अडखळतं.

नकली कार्डाची गोष्ट आणखी निराळी. जुन्या, कमी ताकदीच्या कार्डाचा बायॉस बदलून ते नव्या मॉडेलच्या नावाने विकलं जातं. विंडोजलाही तेच खोटं नाव दिसतं. 'जीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्रॅम चिपची खरी ओळख तपासतो आणि असं कार्ड नकली असल्याचं नावापुढेच दाखवतो. याच प्रोग्रॅममध्ये कार्ड स्लॉटच्या किती वाटा वापरतंय हेही दिसतं. सोळाच्या जागी आठ किंवा चारच दिसल्या, तर कड मळकी आहे, स्लॉटच कमी वाटांचा आहे किंवा जोडणीत बिघाड आहे.

चालतं, पण उपयोगाचं आहे का?

हा प्रश्न चाचणीइतकाच महत्त्वाचा आहे. डायल-अप मोडेम कार्ड अगदी नवंकोरं असलं तरी त्याला आज काम नाही. केबल टीव्ही डिजिटल झाल्यावर जुन्या अॅनालॉग टीव्ही ट्यूनर कार्डांचंही तेच झालं.

ग्राफिक्स कार्डांत ड्रायव्हरचा मुद्दा येतो. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या बहुतेकांना, गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळाले. सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे. नवे गेम खेळणाऱ्यासाठी हे मर्यादेचं लक्षण आहे. पण शाळेच्या संगणक कक्षात, टॅलीवर काम करणाऱ्या कार्यालयात किंवा दोन स्क्रीन लागणाऱ्या टेबलावर तेच कार्ड आणखी काही वर्षं सहज काम देईल. चालणाऱ्या वस्तूचा उपयोग कुठे, हे ठरवणं हाही चाचणीचाच भाग आहे.

निकाल कसा लिहायचा? चार ढीग

1. पुन्हा वापर : सगळ्या पायऱ्या पार केलेली कार्डं. स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत ठेवून वर मॉडेल, चाचणीची तारीख, किती मिनिटं ताण दिला आणि कमाल तापमान लिहायचं. फक्त 'ओके' लिहिलेली चिठ्ठी घेणाऱ्याला काहीच सांगत नाही.
2. दुरुस्ती : पंखा, पेस्ट, कपॅसिटर, तुटलेला पोर्ट. खर्च कार्डाच्या किमतीपेक्षा कमी असेल तरच.
3. सुटे भाग : चिप गेलेली, पण पंखा, हीटसिंक, पाठीमागची पट्टी कामाची.
4. पुनर्प्रक्रिया : उरलेलं सगळं.

ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्ये 'भाजून' जिवंत करण्याचे व्हिडिओ इंटरनेटवर भरपूर आहेत. त्या वाटेला जाऊ नका. काही कार्डं अशाने थोडे दिवस चालतात, पण मूळ दोष तसाच राहतो आणि बहुतेक वेळा परत येतो. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या प्लास्टिकचा आणि फ्लक्सचा विषारी धूर जेवण बनवायच्या ओव्हनमध्ये साचतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर निर्बंध आणले. त्याआधीच्या कार्डांच्या सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतंच.

आणखी एक सावधगिरी. स्लॉटमध्ये बसणारी साठवणुकीची कार्डंही असतात, म्हणजे एसएसडी. ती कुठल्याही ढिगात टाकण्याआधी त्यातली माहिती कायमची पुसायला हवी. साध्या 'डिलीट'ने ती पुसली जात नाही.

मेलेल्या कार्डात असतं तरी काय?

ढोबळमानाने सर्किट बोर्डाच्या वजनात तीस टक्के धातू असतात. उरलेला भाग प्लास्टिक, काचतंतू आणि सिरॅमिकचा. धातूंमध्ये सर्वात जास्त तांबं. शिवाय कथिल, निकेल, अॅल्युमिनियम आणि अगदी थोड्या प्रमाणात सोनं, चांदी, पॅलॅडियम, टॅन्टलम. कार्डाच्या कडेवरचा सोन्याचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तरीही एक टन सर्किट बोर्डात सोन्याचं प्रमाण अमेरिकेतल्या तेवढ्याच सोन्याच्या खनिजापेक्षा ४० ते ८०० पट असू शकतं, असं तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने म्हटलं आहे.

या सोन्यापायीच धोका निर्माण होतो. असंघटित क्षेत्रात बोर्ड उघड्यावर जाळले जातात किंवा आम्लात बुडवले जातात. बोर्डात आग रोखण्यासाठी ब्रोमीनची रसायनं असतात. ती जळली की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद हे या कामाचं मोठं केंद्र. तिथल्या रामगंगा नदीकाठच्या मातीत आणि पाण्यात जड धातू आढळल्याचं 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने २०१५ मध्ये दाखवून दिलं. गोदावरीकाठच्या शहराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नोंदणीकृत प्रकल्पात बोर्ड दळून धातू वेगळे करतात, किंवा बंदिस्त भट्टीत वितळवून आणि रासायनिक प्रक्रियेने ते काढतात. धूर गाळला जातो, सांडपाण्यावर प्रक्रिया होते. हा खर्च करणाऱ्याला भंगारवाल्याइतका भाव देणं अनेकदा परवडत नाही. कार्डं चुकीच्या वाटेला लागतात, त्याचं मोठं कारण हेच.

नाशिकमध्ये कार्ड कुणाला द्यायचं?

संस्था आणि कंपन्या : वर्षभरात कधीही एक हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारी संस्था नियमांनुसार 'मोठी ग्राहक' ठरते. संगणक, प्रिंटर, फोन, एसी असं सगळं धरलं की मोठी महाविद्यालयं, रुग्णालयं आणि कारखाने या आकड्यापर्यंत सहज पोहोचतात. त्यांना आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देता येतो. जुना माल लिलावात काढून कुणालाही देणं त्यात बसत नाही.

घरगुती ग्राहक : घंटागाडीत कार्ड टाकू नये. कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत केंद्राकडे पाठवण्याची जबाबदारी नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे, पण मिसळल्यावर तो शोधणं कठीण असतं. पुण्याच्या पूर्णम इकोव्हिजन फाउंडेशनसारख्या संस्था ई-कचरा संकलनाच्या मोहिमा घेतात. अशा मोहिमांच्या तारखांवर लक्ष ठेवता येतं.

नोंदणी कशी तपासायची? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत व्यावसायिकांची माहिती आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्ये सातपूरच्या उद्योग भवनात, त्र्यंबक रोडवर आहे.

भंगारवाल्याचं आणि छोट्या दुकानदाराचं काय?

नियमांमधला हा सर्वात अवघड कोपरा आहे. सूक्ष्म उद्योगांना ई-कचरा नियम लागू होत नाहीत. एमजी रोडसारख्या बाजारपेठेत दुरुस्ती करणारी अनेक छोटी दुकानं या सवलतीत बसू शकतात. म्हणजे कार्ड तपासण्याचं आणि जिवंत करण्याचं कौशल्य ज्यांच्या हातात आहे, ते बरेचसे नोंदणीच्या चौकटीबाहेर आहेत. मोठी संस्था त्यांना अधिकृतपणे माल देऊ शकत नाही. नोंदणीकृत प्रकल्पाकडे गेलेला माल मात्र अनेकदा न तपासताच दळला जाण्याची शक्यता असते, कारण तिथे किंमत वजनाला आणि धातूला आहे.

नाशिकने भंगाराचा प्रश्न जवळून पाहिला आहे. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस बंदोबस्तात हटवला. पण बाजाराची जागा गेली म्हणून कारखान्यांमधून आणि घरांमधून निघणारं भंगार थांबत नाही. ते दुसऱ्या जागी जातं.

२०२२ च्या नियमांत यावरचं उत्तर काही प्रमाणात आहे. औद्योगिक वसाहतींमध्ये ई-कचऱ्याची तोडणी आणि पुनर्प्रक्रिया यासाठी जागा राखून ठेवणं, या कामातल्या कामगारांची नोंदणी करणं आणि त्यांना प्रशिक्षण देणं ही जबाबदारी राज्य सरकारवर आहे. रिफर्बिशर नोंदणीकृत असेल तर त्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे उत्पादक कंपनीची पुनर्प्रक्रियेची जबाबदारी पुढे ढकलली जाते. म्हणजे वस्तूचं आयुष्य वाढवण्याला कागदावर तरी किंमत आहे. सातपूर-अंबडसारख्या वसाहतीत अशी जागा आणि चाचणीचं साधं टेबल मिळालं, तर दुकानातलं कौशल्य आणि नियमांची चौकट एकाच छताखाली येऊ शकतात.

थोडक्यात

- कार्डाचं वय पाहून निर्णय घेऊ नका. आधी मॉडेल क्रमांक वाचा, मग तपासा.
- जळका वास किंवा शॉर्ट असलेलं कार्ड संगणकात लावू नका.
- स्क्रीन दिसली म्हणजे चाचणी संपली नाही. पंधरा-वीस मिनिटं ताण द्या.
- वापरलेलं कार्ड घेताना विकणाऱ्याकडून ही ताणाची चाचणी समोर करून घ्या.
- चालणाऱ्या कार्डावर चाचणीची चिठ्ठी लावा. न चालणारं कार्ड नोंदणीकृत ठिकाणी द्या आणि पावती घ्या.